लाकडी इमारत भूकंपात उभी राहते ती खिळ्यांच्या जिवावर
(हातकणंगले येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

सुरुवातीलाच एक कबुली देतो. 'लाकडाची बहुमजली इमारत आणि भूकंप' हा विषय हातकणंगल्यात मांडायचा म्हटल्यावर आमच्यातच दोन तट पडले होते. एकाचं म्हणणं, इथं दहा मजली लाकडी इमारत कोण बांधणार आहे? दुसरा म्हणाला, बांधत नसतील, पण लाकडी घरं पाडतायत ना! ते खरं आहे. आपल्या भागात जुना वाडा पाडताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'लाकडाचं आहे, भूकंपात टिकायचं नाही, आरसीसी करून टाकू.' हे वाक्य बरोबर आहे का, एवढंच आज तपासायचं आहे. त्यासाठी आपण किल्लारीला जाऊ, जपानला जाऊ, अमेरिकेला जाऊ आणि परत इथं येऊ.

आधी इथलं बघू. हातकणंगल्याहून कोयनानगर सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटर आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर तिथं मोठा भूकंप झाला. तुमच्यापैकी सत्तरीच्या पुढच्या लोकांना ती पहाट आठवत असेल. तोवर दख्खनचं पठार म्हणजे एकसंध कातळ, इथं भूकंप होत नाही, अशीच समजूत होती आणि सरकारी नकाशातही हा भाग जवळजवळ निर्धोक धरलेला होता. कोयना धरणातल्या यंत्रावर नोंदलेला जमिनीचा सर्वांत मोठा धक्का गुरुत्वाच्या सुमारे ६३ टक्के इतका होता. नंतर नकाशा बदलला, कोयना परिसर चौथ्या विभागात गेला. कोल्हापूर जिल्हा तिसऱ्या विभागात येतो. आणि तालुक्याच्या उत्तरेनं जी वारणा वाहते, तिच्यावरच्या चांदोलीच्या धरणाच्या आसपासही १९९३ पासून भूकंपाचे धक्के वाढले. म्हणजे काळजीनं झोप उडावी असं काही नाही, पण विषय परका नक्कीच नाही.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास. जगाच्या हिशेबात हा काही अतिप्रचंड भूकंप म्हणता येणार नाही. तरी सुमारे आठ हजार माणसं गेली. त्या वेळच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या विभागात होती.

किल्लारीतली घरं कशाची होती? विचारलं की सगळे म्हणतात, दगडामातीची. अर्धं उत्तर बरोबर आहे. त्यातल्या पुष्कळ घरांच्या आत लाकडी सांगाडा होता. खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, वर फळ्या आणि त्यावर मातीचं माळवद. घर मोजायचं ते खणांत. पाच खणांचं, सात खणांचं. छपराचं वजन खांबांवर, आणि भोवतीनं दोन फुटांपासून पाच-सहा फुटांपर्यंत जाडीची दगडी भिंत. म्हणजे आपल्या वाड्यांचाच भाऊबंद म्हणा ना.

हादरा बसला तेव्हा भिंती फुटल्या. त्या भिंतींना दोन तोंडं होती. बाहेरून दगड लावलेला, आतून दगड लावलेला, मधे चिपा आणि माती. दोन्ही तोंडांना जोडणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. त्यामुळे भिंत पोटात फुगली आणि एक तोंड बाहेर, एक तोंड आत कोसळलं. आत माणसं झोपलेली होती.

आणि लाकडाचं काय झालं? पाहणी करणाऱ्यांना काही घरांत विलक्षण चित्र दिसलं. चारी भिंती ढिगारा होऊन पडलेल्या, आणि मधे खांबांवर माळवद तसंच उभं. इतर बऱ्याच घरांत सांगाडाही लोळला. फरक कुठं पडला? खांब नुसता दगडी उथळ्यावर टेकवलेला, वर तुळई नुसती खाचेत बसवलेली. उभ्या ओझ्याला ते पुरतं. आडव्या ढकलण्याला ते बिजागरीसारखं वागतं. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपा टेकू, म्हणजे हस्त, नीट बसवलेला असला तर सांगाडा चौकोनी राहतो. नसला तर पत्त्यांच्या बंगल्यासारखा एका अंगाला कलतो.

आता डोक्यावरचं वजन बघा. माळवदावर पिढ्यान् पिढ्या दर पावसाळ्याआधी नवी माती घालत गेले, तिची जाडी दीड-दोन फूट झाली. एका चौरस मीटरवर पाऊण ते एक टन. आपल्या सहा इंची सिमेंटच्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला साधारण पावणेचारशे किलो भरतं. म्हणजे लाकडी म्हणवणाऱ्या त्या घराच्या डोक्यावर स्लॅबच्या दुप्पट-अडीचपट ओझं होतं! भूकंपाचा नियम साधा आहे. जमीन हलते, इमारत जागच्या जागी राहू बघते, आणि जितकं वजन जास्त तितका तिच्यावर आडवा जोर जास्त. वस्तुमान गुणिले त्वरण, नववीच्या पुस्तकातलं. किल्लारीत लाकूड हरलं असं म्हणायला आमची तयारी नाही. हरले ते सांधे, आणि वरचं ओझं.

हे डोक्यात ठेवून आजच्या लाकडाकडं वळू. बाहेरच्या देशांत ज्या बहुमजली लाकडी इमारती होतायत, त्यात एकसंध ओंडका क्वचितच असतो. लहान फळ्या वाळवायच्या, दोष असलेला भाग कापून टाकायचा आणि गोंदानं दाबून मोठा भाग करायचा. सगळ्या फळ्या एकाच दिशेनं चिकटवल्या की झाला ग्लुलॅम, तुळई-खांबांसाठी. एक कांडं सहज मोडतं, बांधलेली उसाची मोळी मोडून बघा, तसं ते. एक थर उभा, एक आडवा, परत एक उभा असे तीन, पाच, सात थर चिकटवले की झालं क्रॉस लॅमिनेटेड टिंबर, म्हणजे सीएलटी. याच्या अख्ख्या भिंती आणि अख्खे मजले कारखान्यातून कापून येतात. बाजेच्या विणीसारखं दोन्ही दिशांनी धरलेलं असल्यामुळे ते फुगत-आकसत कमी आणि दोन्हीकडं ताकद देतं. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात २०२२ मध्ये पंचवीस मजली इमारत झाली आहे. तिचे खालचे काही मजले आणि जिने-लिफ्टचा गाभा काँक्रीटचा आहे, हे मात्र सांगायलाच पाहिजे.

सीएलटीचा फायदा पहिला म्हणजे वजन. काँक्रीटचा घनमीटर अडीच टनांचा, तर या लाकडाचा अर्ध्या टनाच्या आतबाहेर. सात इंची सीएलटीचा मजला चौरस मीटरला पंच्याऐंशी किलोच्या घरात. फरशी, आवाज अडवायचा थर, भिंतीचं अस्तर हे सगळं धरलं की फरक कमी होतो, तरी इमारत निम्म्यानं हलकी होतेच.

इथवर ऐकून बरेच जण म्हणतात, मग झालं की! हलकी आहे, भूकंपाला पक्की. इथंच थांबायचं. लाकडाचा एक दुर्गुण आहे. ते ताणलं किंवा वाकवलं की आधी फारशी सूचना न देता कडकन तुटतं. भूकंपात इमारतीला नुसती ताकद पुरत नाही, आत आलेली ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. एक लोखंडी तार घ्या, हातानं पुढं-मागं वाकवा. आठ-दहा वेळा झाल्यावर वाकलेल्या जागी बोट लावा, गरम लागेल. तुमच्या हातातली ऊर्जा तारेनं खाल्ली. लोखंड हे काम करतं, लाकूड करत नाही. म्हणून लाकडी इमारतीत ही जबाबदारी कुणावर? खिळे, स्क्रू आणि लोखंडी पट्ट्यांवर.

भिंतीचं सीएलटीचं पान हादऱ्यात दोन गोष्टी करू बघतं. एक, मजल्यावरून घसरायला बघतं. त्यासाठी खाली कोनाच्या पट्ट्या ठोकतात. दोन, एका टोकावर उचललं जाऊन उलथायला बघतं. त्यासाठी दोन्ही टोकांना उभ्या पकडपट्ट्या असतात. या पट्ट्या लाकडात बारीक बारीक पुष्कळ खिळ्यांनी बसवतात. हादऱ्यात भिंत थोडी उचलते, खिळे वाकतात, भोवतालचं लाकूड चेपतं, परत उलट्या दिशेला वाकतात. पान तसंच कोरं राहतं, खिळे मार खातात. घरातल्या फ्यूजसारखं म्हणा. वायरिंग जळू नये म्हणून फ्यूज जळायला ठेवलेला असतो.

मागे एका ठिकाणी हे सांगितलं तेव्हा एक सुतार उठून म्हणाले, 'साहेब, मग जाडजूड बोल्टच घालू की, वाकायची भानगडच नको.' प्रश्न फार चांगला होता. जाड बोल्ट वाकत नाही, म्हणून जोर लाकडावर येतो आणि लाकूड रेषेच्या दिशेनं चिरतं. फळीच्या कडेला जाड खिळा ठोकल्यावर काय होतं हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं, ते लगेच हसले. दोन बोल्टांपेक्षा चाळीस बारीक खिळे बरे, आणि कडेपासून अंतर सोडून.

आता थोडा हिशेब करू, कागद घेतलेला असेल तर लिहा. आपल्या भूकंप संहितेत, म्हणजे आय. एस. १८९३ मध्ये, आडवा जोर काढायचं सूत्र आहे. विभागाचा आकडा, तिसऱ्या विभागासाठी ०.१६, त्याचा अर्धा ०.०८. ठेंगण्या, ताठ इमारतीला त्याला २.५ नं गुणायचं, ०.२ आलं. याला भागायचं एका आकड्यानं, त्याला 'आर' म्हणतात. इमारत वाकून ऊर्जा किती जिरवू शकते याचं ते माप. नीट सळई-कड्या घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याला आर पाच. २०१६ च्या आपल्या तक्त्यात सीएलटीसाठी आकडाच नाही. अमेरिकेच्या संहितेत सीएलटी भिंतींना साधारण तीन दिला आहे, तो शिकण्यापुरता इथं घेऊ.

समजा काँक्रीटची इमारत १००० टनांची. ०.२ भागिले ५, म्हणजे ०.०४. आडवा जोर ४० टन. तीच इमारत लाकडाची, ४०० टनांची. ०.२ भागिले ३, म्हणजे ०.०६७. जोर २७ टन. बघा, वजन साठ टक्क्यांनी घटलं, पण जोर एक-तृतीयांशानंच घटला. हलकेपणानं जे कमावलं, त्यातलं बरंच कडकपणानं घालवलं. उरलेलं परत मिळवायचं असेल तर सांधे सुधारायचे. या क्षेत्रातलं गेल्या वीस वर्षांतलं बहुतेक संशोधन याच एका जागेभोवती फिरतं.

२००७ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या मिकी इथं, ई-डिफेन्स नावाच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या भूकंप-टेबलावर इटलीच्या संशोधकांनी सात मजली सीएलटी इमारत उभी केली. प्राध्यापक आरियो चेकोत्ती यांच्या पुढाकारानं चाललेला तो प्रकल्प. इमारतीची उंची साडेतेवीस मीटर. टेबल वीस मीटर बाय पंधरा मीटरचं, त्यावर अख्खी इमारत ठेवून खालून हलवायची. तिला १९९५ चा कोबेचा भूकंप दिला. त्या भूकंपात जपानमध्ये सहा हजारांवर माणसं गेली होती. इमारत उभी राहिली. नुकसान मुख्यतः पट्ट्या आणि खिळ्यांत, दुरुस्त होण्याजोगं. चित्रफीत बघितली तर टाळ्या वाजवाव्यात असं वाटतं.

आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वरच्या मजल्यांवर मोजलेले धक्के जमिनीपेक्षा कित्येक पटींनी मोठे होते. इमारत ताठ असल्यानं तिनं हादरा गिळला नाही, वर पोचवला. इमारत शाबूत, पण सातव्या मजल्यावरची कपाटं, भांडी, माणसं? 'पडली नाही' एवढ्यावर समाधान मानायचं की नाही, हा प्रश्न त्या चाचणीनं समोर ठेवला.

त्याचं एक उत्तर २०२३ च्या मे महिन्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या उघड्यावरच्या टेबलावर दिसलं. दहा मजले, ३४ मीटर उंच, सगळा सांगाडा लाकडाचा. संशोधकांचे प्रमुख शिलिंग पेई. १९९४ चा नॉर्थरिजचा आणि १९९९ चा तैवानचा, असे मोठे भूकंप तिला दिले, आणि मुख्य सांगाड्याला नुकसान झालं नाही. यातली युक्ती वेगळी आहे. लाकडाची उंच भिंत पायाला ठोकून टाकलेलीच नाही. ती पायावर उभी आहे, आणि पायापासून वरपर्यंत पोलादी गज ताणून तिला खाली खेचून धरलं आहे. हादरा आला की भिंत एका टाचेवर किंचित उचलते, गज आणखी ताणतात, आणि तेच तिला परत सरळ खेचतात. ऊर्जा जिरवायला भिंतीच्या कडेला 'यू' आकारात वाकवलेल्या पोलादी पट्ट्या, त्या लोळल्यासारख्या वाकतात. भूकंपानंतर बदलायच्या त्या पट्ट्याच.

लाल मातीत पैलवान बघितलेत ना तुम्ही? ढकल आली की कच्चा गडी पाय रोवून ताठ राहतो आणि उताणा पडतो. मुरलेला असतो तो ढकलीबरोबर थोडा जातो आणि परत आपल्या जागी येतो. भिंत तेच करते. ही कल्पना आधी काँक्रीटसाठी निघाली, न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात ती लाकडावर आणली गेली. सॅन दिएगोतल्या इमारतीत जिने आणि बाहेरची काचभिंतही बसवून तपासली. डुलणाऱ्या इमारतीत जिना दोन्ही टोकांना घट्ट आवळला तर तोच आधी तुटतो, आणि माणसं उतरणार कुठून?

डुलण्याची एक किंमत आहे, ती जमिनीत मोजावी लागते. उंच लाकडी इमारतीचा झोका लांब असतो. समजा एक सेकंदाचा. आपल्या संहितेप्रमाणे कातळावर तिचा गुणक १.०, मऊ जमिनीवर १.६७. म्हणजे तीच इमारत आळते-रामलिंगच्या डोंगराकडच्या कातळावर बांधली आणि तीच रुकडीकडं पंचगंगेच्या काठच्या खोल काळ्या मातीत बांधली, तर जोरात दोन-तृतीयांशाची वाढ. एकाच तालुक्यात! माती तपासणीचे पैसे वाचवणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगितलं.

मग आपल्याकडं हे बांधायचं का? आजच्या घडीला दहा मजली बांधा असा सल्ला आम्ही देणार नाही. संहितेत आकडे नाहीत, कारागिरांना सवय नाही. पावसाळ्यात आपल्याकडचं लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. ताणलेले गज त्यामुळे सैल पडू शकतात, खिळ्यांना गंज धरतो. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या माणसाला तळमजला लाकडाचा ठेवा असं कोण सांगेल? तळ काँक्रीटचा आणि वर दोन-तीन मजले लाकडाचे, शाळा किंवा दवाखाना, असं मात्र करून बघण्यासारखं आहे. आगीचं विचाराल तर जाड लाकूड मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आत जळतं आणि बाहेरचा कोळसा आतल्याला जपतो. उघडी लोखंडी पट्टी मात्र आगीत मऊ पडते, ती लाकडात झाकून ठेवावी लागते. म्हणजे पुन्हा सांधाच.

आणि ज्याच्यासाठी वाडा पाडतो ती आरसीसी इमारत? खाली गाड्यांसाठी सगळं मोकळं, नुसते खांब, आणि वर चार मजले विटांच्या भिंती भरलेल्या. २००१ च्या कच्छ भूकंपात अहमदाबादेत अशा इमारती तळमजल्यावर बसल्या, भूकंपाचं केंद्र दोनशे किलोमीटरच्या पुढं असताना. इचलकरंजी-जयसिंगपूरच्या रस्त्यानं जाताना डावी-उजवीकडं बघत चला. आम्हाला शंभर वर्षांच्या वाड्यापेक्षा त्यांची भीती जास्त वाटते.

आता प्रश्नांसाठी वेळ ठेवला होता, त्यातला पहिला चिठ्ठीवर आलाय, तो वाचतो. 'आमचा वाडा दुमजली आहे, खांब-तुळया सागवानी, वर मातीचं माळवद, भिंती दगडाच्या. ठेवावा की पाडावा?'

न बघता हो किंवा नाही म्हणणं बरोबर होणार नाही. पण काय बघायचं ते सांगतो. माळवदावर माती किती आहे ते एका कोपऱ्यात उकरून मोजा. ती काढून वर पत्रा किंवा हलकं छप्पर केलं तर वाड्यावरचा बराच जोर तिथंच जाईल. खांब-तुळईच्या कोपऱ्यात हस्त आहेत का, आणि ते कुसवात घट्ट आहेत का नुसते शोभेचे, ते हलवून बघा. नसतील तिथं तिरपे टेकू आणि लोखंडी पट्ट्या बसवता येतात, बारीक खिळ्यांनी, सुताराला ते आता सांगता येईल तुम्हाला. भिंत सांगाड्याला कुठं बांधलेली आहे का बघा, बहुधा नसेल. आरपार दगड नसेल तर ठरावीक अंतरानं भोकं पाडून, गज घालून, काँक्रीट भरून दोन तोंडं एकत्र शिवता येतात. किल्लारीनंतर आपल्याच राज्यात उरलेल्या घरांसाठी ही पद्धत सांगितली गेली.

आणि हे सगळं करायच्या आधी खांबाचा बुंधा बघा, उथळ्यावर टेकतो तिथं. ओल तिथंच मुरते, वाळवी तिथंच लागते, आणि रंग दिलेला असला की बाहेरून काही कळत नाही. चाकूचं टोक दाबा. सागवान चांगलं असेल तर टोक जेमतेम रुतेल. बोटभर आत गेलं तर आधी तो खांब बदला, बाकीचं मग बोलू.

दुसरी चिठ्ठी द्या.